तीन मतांचा मतदारसंघ: दादाभाई जिथून निवडून आले ते फिन्सबरी

स्पर्धा परीक्षेच्या कुठल्याही पुस्तकात एक ओळ हमखास सापडते: ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून गेलेले पहिले भारतीय, दादाभाई नौरोजी, १८९२. ओळ पाठ होते, एक गुण मिळतो आणि आपण पुढे जातो. पण क्षणभर थांबून विचार केला तर तिच्यात कोडंच कोडं आहे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला पारशी माणूस लंडनमध्ये उमेदवार कसा झाला? त्याला मतं कोणी दिली? आणि ज्या 'सेंट्रल फिन्सबरी'तून ते निवडून आले, ते आज लंडनच्या नकाशावर शोधलं तर सापडत का नाही?

आपल्याकडे जनगणना आणि मतदारसंघांची पुनर्रचना हे शब्द सध्या रोज कानावर पडत आहेत. आपली निवडणूक पद्धत ब्रिटिशांच्याच साच्यातली असल्याने हे एक ब्रिटिश उदाहरण नीट उलगडून पाहण्यासारखं आहे.

## मतदारसंघ म्हणजे गाव नव्हे

मतदारसंघ म्हणजे नकाशावर आखलेली एक रेषा आणि त्या रेषेच्या आतल्या मतदारांची यादी. रेषा कायद्याने आखली जाते, यादी दरवर्षी बदलते. दोन्हींना मिळून एक नाव दिलं जातं, आणि त्या नावामुळे ते गावासारखं कायमचं असल्याचा भास होतो.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. आधी एकच मोठं कुटुंब. मग भावांत वाटणी होते आणि मध्ये भिंती येतात. दोन पिढ्यांनी शेजारचा भूखंड जोडून इमारत उभी राहते, तिला जुन्या वाड्याच्या नावाचा अर्धा तुकडा चिकटवला जातो. फिन्सबरीचं अगदी हेच झालं. त्यामुळे 'फिन्सबरी कुठे आहे?' असं विचारणाऱ्याला आधी 'कुठल्या सालचं?' असं विचारावं लागतं.

## सुरुवात १८३२ ची, आणि ग्रँट रोडची

१८३२ पूर्वी इंग्लंडमधली जागांची वाटणी आजच्या नजरेने अविश्वसनीय होती. ओल्ड सेरम नावाची ओसाड टेकडी दोन खासदार निवडून देत होती. तिथले मतदार बोटांवर मोजता यायचे आणि जमीन ज्याची, खासदार त्याचे. मद्रासचा गव्हर्नर झालेल्या थॉमस पिटने ही जागा चक्क विकत घेतली होती. डनिच नावाचं गाव बरंचसं समुद्राने गिळलं होतं, तरी त्याचे दोन खासदार शाबूत होते. आणि कापडगिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही खासदार नव्हता. अशा जागांना लोक 'सडके मतदारसंघ' म्हणत.

१८३२ च्या सुधारणा कायद्याने यातल्या पुष्कळ जागा रद्द करून वाढत्या शहरांना दिल्या. लंडनच्या उत्तरेकडे फिन्सबरी मतदारसंघ तेव्हा जन्माला आला. क्लार्कनवेल, होबर्न, इझ्लिंग्टन असे बरेच भाग त्यात होते, आणि त्याला दोन खासदार होते.

त्या पहिल्या दोघांपैकी एकाचं नाव मुंबईकर आजही रोज घेतात. ते रॉबर्ट ग्रँट. १८३२ ते १८३४ ते फिन्सबरीचे खासदार होते, १८३५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८३८ मध्ये पुण्याजवळ दापोडीला वारले. ग्रँट रोड आणि जे. जे. रुग्णालयाला जोडलेलं ग्रँट मेडिकल कॉलेज ही नावं त्यांचीच. फिन्सबरी आणि मुंबईचं नातं दादाभाईंच्या साठ वर्षं आधी जुळलं होतं, हे मला स्वतःला समजलं तेव्हा फार अप्रूप वाटलं होतं.

या मतदारसंघाचा स्वभावही लवकर दिसू लागला. 'द लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक काढणारे डॉक्टर थॉमस वॉकली इथून निवडून आले. त्यांच्या जोडीचे खासदार थॉमस डनकम यांनी १८४२ मध्ये चार्टिस्टांचा प्रचंड अर्ज पार्लमेंटपुढे मांडला. चार्टिस्ट म्हणजे सर्व प्रौढ पुरुषांना मत आणि गुप्त मतदान मागणारी कामगारांची चळवळ. पार्लमेंटने तो अर्ज फेटाळला.

## १८८५: वाड्याची वाटणी

१८८४ आणि १८८५ मध्ये लागोपाठ दोन कायदे झाले. पहिल्याने मतदार वाढवले, दुसऱ्याने रेषा नव्याने आखल्या. दोन खासदारांचे मोठे मतदारसंघ बहुतेक ठिकाणी मोडून एक जागा, एक खासदार अशी रचना आली. जुन्या फिन्सबरीचेही तुकडे झाले. इझ्लिंग्टन वेगळं निघालं, होबर्न वेगळं निघालं, फिन्सबरी ईस्ट झालं, आणि क्लार्कनवेलचा भाग म्हणजे सेंट्रल फिन्सबरी.

हा तुकडा आकाराने अगदी लहान होता, तासाभरात पायी पालथा घालता येईल एवढा. घड्याळजी, दागिने घडवणारे, छापखान्यातले कामगार, इटलीहून येऊन स्थायिक झालेली कुटुंबं अशी इथली दाट वस्ती. क्लार्कनवेल ग्रीनचा चौक सभा-मोर्चांसाठी प्रसिद्ध होता.

अशा लहान जागेत निवडणुकीचं गणितच बदलतं. मोठ्या मतदारसंघात एखादी आळी इकडची तिकडे झाली तर फरक पडत नाही. इथे एका चाळीने पारडं फिरू शकत होतं.

## मत कोणाला होतं?

सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. १८९२ मध्ये ब्रिटनमध्ये सगळ्यांना मत होतं असं आपण धरून चालतो. बायकांना पार्लमेंटसाठी मत नव्हतंच. पुरुषांतही साधारण साठ टक्क्यांनाच ते मिळत होतं.

एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचा विचार करा. सभेत मत सभासदाला. भाडेकरूला नाही, पेइंग गेस्टला तर नाहीच. तिथली व्यवस्था याहून थोडी उदार होती. स्वतंत्र घर चालवणाऱ्या पुरुषाला मत होतं. दुसऱ्याच्या घरात खोली घेऊन राहणाऱ्यालाही होतं, पण खोलीचं वार्षिक मोल किमान १० पौंड हवं, त्याच खोलीत बारा महिने सलग वास्तव्य हवं, आणि दरवर्षी नव्याने दावा करून यादीत नाव घालून घ्यायला हवं. काम सुटलं म्हणून खोली बदलली की मत गेलं. गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली तरी गेलं. बापाच्या घरात राहणारा मोठा मुलगाही बहुधा यादीबाहेरच राहायचा.

उलट, एका भागात घर आणि दुसऱ्या भागात दुकान असलेल्या माणसाला दोन्हीकडे मत देता येत होतं. तेव्हा सगळ्या देशात एकाच दिवशी मतदान होत नसे, दोन-तीन आठवडे ते चालायचं, त्यामुळे आज इथे आणि परवा तिथे मत देणं सहज जमायचं.

यामुळे खरी लढाई मतदानाच्या कितीतरी आधी यादीवर होत असे. दोन्ही पक्षांचे पगारी माणूस वर्षभर हेच काम करायचे: आपल्या माणसांचे दावे दाखल करायचे, समोरच्याच्या माणसांवर हरकती घ्यायच्या. हरकतींचा निकाल दरवर्षी एक वकील बसून द्यायचा. मतदारयादीत नाव आहे की नाही यावरून आपल्याकडे होणारे वाद ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

## पण दादाभाई तिथे उभे कसे राहू शकले?

कायद्याने त्यांना अडवण्यासारखं काहीच नव्हतं. भारत ब्रिटिश राणीच्या अमलाखाली होता, म्हणून भारतात जन्मलेला माणूस ब्रिटिश प्रजाजन ठरत होता, आणि प्रजाजनाला उमेदवारी करता येत होती. त्याच मतदारसंघात राहायला हवं अशी अट नव्हती. दादाभाई तर १८५५ पासून या ना त्या निमित्ताने लंडनशी बांधलेले होते. कामा कंपनीचे भागीदार म्हणून ते पहिल्यांदा तिथे गेले होते.

अडथळे होते ते पैशाचे आणि पक्षाचे. खासदारांना १९११ पर्यंत पगार नव्हता. निवडणुकीचा खर्च उमेदवाराचा. आणि पक्षाच्या तिकिटाशिवाय निभाव लागणं कठीण.

१८८६ मध्ये ते उदारमतवादी पक्षातर्फे शेजारच्या होबर्नमधून लढले आणि हरले. १८८८ मध्ये सेंट्रल फिन्सबरीच्या स्थानिक उदारमतवाद्यांनी त्यांची निवड केली, पण पक्षातल्या एका गटाला ती मान्य नव्हती. त्यांनी आपला वेगळा माणूस पुढे केला आणि ही ओढाताण जवळजवळ चार वर्षं चालली. प्रतिस्पर्ध्याने निवडणुकीच्या तोंडावर माघार घेतली.

मधल्या काळात एक गोष्ट घडली. पंतप्रधान लॉर्ड सॅलिसबरी हे हुजूर, म्हणजे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नेते. नोव्हेंबर १८८८ मध्ये एडिंबरोच्या भाषणात होबर्नच्या निकालाचा उल्लेख करताना ते म्हणाले, एखादा ब्रिटिश मतदारसंघ काळ्या माणसाला निवडून देईल अशी वेळ आली आहे असं मला वाटत नाही. शब्द अपमानाचे होते, आणि त्यांचा परिणाम उलटा झाला. वर्तमानपत्रांतून त्यांवर टीका झाली, दादाभाईंचं नाव घरोघरी पोहोचलं. लाखभर पौंड खर्चून मिळाली नसती एवढी ओळख देशाच्या पंतप्रधानाने त्यांना मिळवून दिली.

'पहिले' या शब्दाबद्दल इथेच एक खुलासा. उत्तर भारतातल्या सरधना संस्थानाच्या बेगम समरूचा वारस डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोंब्र १८४१ मध्ये सडबरीतून निवडून आला होता. तो मिश्र वंशाचा होता. मतदारांना लाच दिल्याचं ठरून ती निवडणूक रद्द झाली. म्हणून दादाभाईंना पहिला मान देणं योग्यच आहे, पण गोष्ट माहीत असलेली बरी.

## तीन मतं

जुलै १८९२. समोर हुजूर पक्षाचे विद्यमान खासदार कॅप्टन पेंटन. याच मतदारसंघातला पेंटनव्हिल हा भाग ज्या घराण्याच्या नावाने ओळखला जातो, त्याच घराण्यातले.

निकाल लागला तो अवघ्या ३ मतांच्या फरकाने. दादाभाई २,९५९, पेंटन २,९५६. दोन्ही आकडे मिळून ५,९१५ मतं होतात. यातल्या फक्त दोघांनी आपलं मत फिरवलं असतं तर दादाभाई हरले असते. 'नौरोजी' हे नाव न जमणाऱ्या इंग्रजांनी त्यांना 'नॅरो-मेजॉरिटी' म्हणायला सुरुवात केली, म्हणजे निसटत्या मताधिक्याचे.

इथे आधीचं सगळं आठवा. १८८५ च्या रेषेने जागा इतकी छोटी केली होती की तीन मतांना किंमत आली. ज्याने खोलीचा दावा वेळेत केला, ज्याच्यावरची हरकत टिकली नाही, ज्याने शेवटच्या महिन्यात घर बदललं नाही, असे तिघे शोधले तर कदाचित एकाच गल्लीत सापडले असते. पाच हजार नऊशे पंधरा माणसांपैकी ते तिघे कोण, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण १८७२ पासून मतदान गुप्त होतं.

## मग गोऱ्या मतदारांनी वंशभेद विसरून मत दिलं का?

हा प्रश्न विचारला जातो आणि त्याचं उत्तर भावनेच्या भरात देऊ नये. दादाभाईंच्या थोर व्यक्तिमत्त्वाचा परिणाम झाला असेल, नक्कीच झाला असेल. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्यासारख्यांचा त्यांना पाठिंबा होता. पण बहुसंख्य मतदारांनी मत दिलं ते पक्षाला. त्या वर्षीचा मोठा मुद्दा आयर्लंडच्या स्वराज्याचा होता, आणि दादाभाई त्याच्या बाजूने ठाम उभे होते.

याचा पुरावा पुढच्याच निवडणुकीत आहे. १८९५ मध्ये वारं हुजूर पक्षाकडे फिरलं आणि दादाभाई सुमारे आठशे मतांनी हरले. त्याच निवडणुकीत लंडनच्याच बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून मंचेरजी भावनगरी निवडून आले. तेही मुंबईचे, तेही पारशी. फरक एवढाच की ते हुजूर पक्षाचे होते, आणि १९०६ पर्यंत टिकले. १९०६ मध्ये उदारमतवाद्यांची देशभर लाट आली, तेव्हा दादाभाई नॉर्थ लँबेथमधून पक्षाच्या अधिकृत उमेदवाराविरुद्ध लढले आणि हरले. तिकीट आणि वारं या दोन गोष्टी वंशापेक्षा जड ठरल्या असंच या तिन्ही निकालांवरून दिसतं.

## एकटा खासदार करणार तरी काय?

सभागृहात ६७० सदस्य. त्यांत भारतीय एकच. दादाभाईंनी शपथ बायबलवर घेतली नाही, खोर्देह अवेस्ता या आपल्या धर्मग्रंथावर घेतली. १८९३ मध्ये त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून हाउस ऑफ कॉमन्सने एक ठराव मंजूर केला: भारतातल्या वरिष्ठ सनदी नोकरीची परीक्षा लंडनबरोबर भारतातही घ्यावी. त्या काळी परीक्षा देण्यासाठी आधी बोटीने विलायतेला जावं लागे. सामान्य घरातल्या मुलाला ते अशक्यच. ठराव मंजूर झाला, सरकारने तो अमलात आणला नाही. भारतात ही परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडलं.

म्हणून दादाभाई अपयशी ठरले असं म्हणायला मी तयार नाही. भारताच्या खर्चाची चौकशी करणारा वेल्बी आयोग १८९५ मध्ये नेमला गेला, त्यात ते सदस्य होते. त्याच आयोगापुढे १८९७ मध्ये पुण्याच्या तरुण गोपाळ कृष्ण गोखल्यांनी साक्ष दिली आणि उलटतपासणीला दिलेल्या उत्तरांनी त्यांचं नाव झालं. भारतातून पैसा इंग्लंडला कसा वाहून जातो हे दादाभाई आकड्यांनिशी वर्षानुवर्षं सांगत होते. तो हिशेब आता खुद्द सरकारी आयोगाच्या दफ्तरात नोंदला जात होता.

## पुढे फिन्सबरीचं काय झालं?

१९१८ च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या पुरुषांना आणि तीस वर्षांवरच्या काही अटी पूर्ण करणाऱ्या बायकांना मत मिळालं. मतदार वाढले, तुकडे पुन्हा जोडले गेले आणि सेंट्रल फिन्सबरी संपलं. १९१८ पासून नुसतं फिन्सबरी, १९५० पासून शोरडिच आणि फिन्सबरी, १९७४ पासून इझ्लिंग्टन साउथ आणि फिन्सबरी. आजही हेच नाव आहे. म्हणजे १८८५ मध्ये वेगळं निघालेलं इझ्लिंग्टन परतलं, आणि मानाची पहिली जागा घेऊन बसलं.

निसटत्या निकालांची परंपरा मात्र राहिली. १९८३ मध्ये मजूर पक्षाचे क्रिस स्मिथ इथून ३६३ मतांनी जिंकले; आपण समलिंगी आहोत असं पदावर असताना स्वतःहून जाहीरपणे सांगणारे ते पहिले ब्रिटिश खासदार. २००५ मध्ये एमिली थॉर्नबेरी ४८४ मतांनी आल्या.

एक जागा आवर्जून सांगतो. लंडनला गेलेली मराठी माणसं 'फिन्सबरी पार्क' स्टेशनवर उतरतात आणि दादाभाईंचा मतदारसंघ तो हाच असं समजतात. तो भाग जुन्या फिन्सबरीच्या कितीतरी उत्तरेला आहे. दाट वस्तीतल्या फिन्सबरीकरांनी मोकळ्या हवेसाठी बाग मागितली, जवळ जागा उरली नव्हती म्हणून ती दूर झाली, १८६९ मध्ये उघडली आणि नाव मागणाऱ्यांचं राहिलं. दादाभाईंची खूण पाहायची तर क्लार्कनवेलला जावं. तिथे एका छोट्या रस्त्याला नौरोजी स्ट्रीट असं नाव आहे.

## आज रेषा कोण आखतं?

१९४४ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये यासाठी कायमस्वरूपी सीमा आयोग आले. २०२० च्या कायद्याप्रमाणे एकूण जागा ६५०. प्रत्येक मतदारसंघात सरासरीपेक्षा पाच टक्क्यांहून कमी किंवा जास्त मतदार चालत नाहीत. बेटांवरचे पाच मतदारसंघ याला अपवाद आहेत. २०२४ च्या निवडणुकीसाठी याचा अर्थ ६९,७२४ ते ७७,०६२ मतदार. दर आठ वर्षांनी फेरतपासणी होते.

आकडे सारखे केले की न्याय झाला का? पुरता नाही. रेषा समान असली तरी ज्याला सर्वांत जास्त मतं तो विजयी, ही पद्धत तीच आहे. २०२४ मध्ये मजूर पक्षाला देशभरातली सुमारे ३४ टक्के मतं मिळाली आणि जागा ४११. बाकीच्या मतांचं काय, हा वाद तिथेही तापलेला आहे.

आणि एक गोष्ट तिथे राहणाऱ्या मराठी मुलामुलींना अनेकदा माहीतच नसते. दादाभाईंना उमेदवारी करता आली ती साम्राज्याचे प्रजाजन म्हणून. साम्राज्य गेलं, पण त्या नियमाचा धागा राष्ट्रकुलाच्या रूपाने उरला. भारत राष्ट्रकुलात आहे, त्यामुळे वैध व्हिसावर ब्रिटनमध्ये राहणारा अठरा वर्षांवरचा भारतीय नागरिक आजही पार्लमेंटच्या निवडणुकीत मत देऊ शकतो. इझ्लिंग्टनमध्ये खोली घेऊन राहणारी, नागपूरहून शिकायला गेलेली मुलगीसुद्धा. आता १० पौंडांची अट नाही, बारा महिन्यांची नाही. फक्त यादीत नाव हवं, आणि ते मतदानाच्या किमान बारा कामकाजाच्या दिवसांआधी नोंदवायला हवं. मतदान केंद्रावर फोटो असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यासाठी आपला भारतीय पासपोर्ट चालतो.